रविवारची वही

परवा सकाळी गोल्फ क्लबवर चालून परत निघाले होते. फाटकाशी एका तरुण मुलाने थांबवलं. नाशिकला नवीन आलेला असावा. म्हणाला, "आजी, इथे गोल्फ कुठे खेळतात हो?"

मी म्हटलं, "बाळा, पन्नास वर्षं येतेय इथे. हातात गोल्फची काठी घेतलेला माणूस काही अजून दिसला नाही."

तो हसला आणि पळायला लागला. मी मात्र घरी येईपर्यंत मनाशीच हसत होते. का ते सांगते.

आधी नाशिकबाहेरच्या मंडळींसाठी थोडं. त्र्यंबक रोडवर हे मोठं मैदान आहे. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारा तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, त्याचं नाव. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, कडेने आमच्यासारखी म्हातारी माणसं चालतात. पण रिक्षावाल्याला 'कान्हेरे मैदान' म्हटलं की तो जरा विचार करतो, आणि 'गोल्फ क्लब' म्हटलं की लगेच रिक्षा वळवतो. साहेब गेला, गोल्फ गेला, नाव तेवढं राहिलं.

आणि गंमत म्हणजे गोल्फ मला पहिल्यांदा भेटला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, न्यू जर्सीत, लेकीच्या स्वयंपाकघरात. त्या गोल्फने आमची नाशिकची रविवारची रमी वाचवली. तुम्ही म्हणाल, बाई, काहीतरीच काय! पण झालं ते असं.

आमचा रमीचा कंपू १९९९ पासूनचा. आम्ही दोघं, वकीलसाहेब आणि वकीलवहिनी, बँकेतले भाऊ आणि ड्रॉईंग मास्तर. २००९ मध्ये हे गेले. महिनाभराने रविवारी चार वाजता दारावर टकटक झाली. बघते तर सगळे उभे, आणि बरोबर इस्पितळातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर. वकीलवहिनी म्हणाल्या, "सहावा भिडू आणलाय. पत्ते कुठे ठेवलेत?" मी काही न बोलता कपाट उघडलं. त्या दिवशी कुणी सांत्वनाचं एक अक्षर बोललं नाही. बारा डाव झाले, चहा झाला, सगळे घरी गेले. त्या बारा डावांनी मला जे दिलं ते भेटायला आलेल्या शंभर माणसांनी दिलं नव्हतं. म्हणून ह्या रविवारचं मोल माझ्यासाठी काय आहे ते आधीच सांगून ठेवते.

आमचा हिशेब साधा होता. तेरा पानांची रमी, दोन कॅट, जास्तीत जास्त ८० पॉइंट, आणि पॉइंटाला दहा पैसे. वाईटात वाईट दिवस गेला तरी पंचवीस-तीस रुपये जायचे. वही माझ्याकडे. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई दुसरं काय करणार! शेवटी बेरीज करून चार आण्यांपर्यंत हिशेब चुकता करायचा आमचा नेम होता.

आणि मग सरकारने ३० जून २०११ पासून चार आणेच बंद केले. आठ आण्यालाही दुकानदार नाक मुरडायचे. "चिल्लरच नाही तर दहा पैशांचा हिशेब कसा करायचा?" असं भाऊ म्हणाले, वकीलसाहेब म्हणाले, "करा रुपया पॉइंट, आता काय आपण शाळकरी मुलं आहोत?" आणि दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदेचा मुहूर्त साधून, आमचा दर एकदम दसपट झाला. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हुरूपच आला होता. माझी स्मरणशक्ती तेव्हा चांगली होती, कोणी कुठलं पान उचललं, कुठलं टाकलं, सगळं ध्यानात राहायचं.

संक्रांतीनंतर मास्तर यायचे बंद झाले. आधी गुडघा दुखत होता. मग नातू आला होता. मग मोतीबिंदू. आम्ही पाच जण खेळत राहिलो, आणि मास्तरांचा गुडघा बरा कसा होत नाही म्हणून हळहळत राहिलो. एकदा मीच त्यांच्या घरी गेले. मास्तर बाहेर गेले होते. (गुडघा दुखत असताना!) त्यांच्या पत्नीने पाणी दिलं आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं. मीच नको म्हटलं त्यांना. महिन्याच्या गोळ्यांचे पैसे जायला लागले हो."

मास्तरांनी सारा जन्म विनाअनुदानित शाळेत काढला. त्यांचं पेन्शन हजाराच्या आतलं. माझं, वकीलसाहेबांचं, भाऊंचं तसं नव्हतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि लक्षात येणं ह्यात फरक असतो.

घरी येऊन वही काढली. पाडव्यापासून संक्रांतीपर्यंतचे रविवार मोजले. मास्तर एकूण २,८६० रुपये हरले होते. त्यातले ११०० च्या वर माझ्या बाजूला जमा होते. माझ्याच अक्षरात लिहिलेले. दर रविवारी मीच बेरीज करून, खाली दोन रेघा ओढून, हसत हसत ते पैसे घेतले होते. शाळेत 'जुगार : एक सामाजिक शाप' ह्या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेणारी मी!

मग मी आणखी एक चूक केली. रस्त्यात मास्तर भेटले तेव्हा म्हटलं, "मास्तर, तुम्ही पैसे नका हो लावू. नुसतं खेळायला या." मास्तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, नुसतं बसायला मी काय देवळात येतो का?" आणि चालायला लागले. त्यानंतर वर्षभर त्यांचा फोन नाही.

ही गोष्ट मनात घेऊन २०१३ च्या मे महिन्यात मी एडिसनला लेकीकडे गेले.

आमचे जावईबापू गोल्फ खेळतात. आठ जणांचा गट, दर शनिवारी. मराठी, गुजराती, तेलुगू, एक पंजाबी आणि दोन गोरे. काउंटीचं सार्वजनिक मैदान आहे, पैसे भरून कुणीही खेळावं. चौघाचौघांच्या दोन तुकड्या करतात. ह्या सगळ्याची व्यवस्था जावयांच्या गळ्यात पडली होती, आणि ती पडण्याचं कारण जगात सगळीकडे असतं तेच : दुसरं कुणी घेत नव्हतं. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की ते लॅपटॉप उघडून बसत आणि केस ओढत. कोण कोणाबरोबर, खेळाचा प्रकार कुठला, पैज कितीची. एकाला पैज नको असते, दुसऱ्याला पैजेशिवाय मजा येत नाही. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एक दर वेळी जिंकतो.

मी म्हटलं, "अहो, हे तर वेळापत्रक झालं. इकडे आणा."

तर अशा रीतीने, गोल्फची काठी कधीही हातात न धरता, मी त्या गटाची चिटणीस झाले. जावई समजावून सांगत आणि मी शंभर पानी वहीत उतरवून घेई. आता तुम्हालाही थोडक्यात सांगते, कारण पुढे लागणार आहे.

गोल्फमध्ये अठरा खड्डे असतात आणि जितक्या कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात जाईल तितकं चांगलं. म्हणजे आपल्या रमीसारखंच, पॉइंट कमी तो भला. हे कळल्यावर माझी भीती अर्धी गेली.

सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे हँडिकॅप. कच्च्या खेळाडूला किती फटक्यांची सूट द्यायची त्याचा आकडा. तो कुणी मनाने ठरवत नाही. तेव्हाचा अमेरिकेतला नियम असा होता की शेवटच्या वीस खेळांतले सर्वांत चांगले दहा घ्यायचे आणि त्यांवरून आकडा काढायचा. (२०२० पासून जगभर एकच पद्धत झाली, आता वीसमधले चांगले आठ घेतात.) मी विचारलं, चांगलेच का? सगळ्यांची सरासरी का नाही? जावई म्हणाले, "आई, नाहीतर लोक मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवून घेतील." म्हणजे वाईट दिवस हिशेबात येतच नाही. हे मला फार आवडलं. आपल्याकडे माणूस नेमका वाईट दिवसांवरून मोजला जातो.

दुसरी गोष्ट पैजेची. तिला नासाउ म्हणतात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नासाउ नावाचा गोल्फ क्लब आहे, त्यावरून हे नाव पडलं. साधारण १९०० सालचं. एका खेळावर तीन पैजा लावायच्या : पहिल्या नऊ खड्ड्यांची एक, पुढच्या नऊची दुसरी, आणि अठराची मिळून तिसरी. म्हणजे सुरुवात बिघडली तरी दुसरा अर्धा भाग तुमचा असतो. शिवाय जास्तीत जास्त किती जाणार ते घरातून निघतानाच ठाऊक असतं. आपल्या धर्मराजाला कुणी नासाउ शिकवला असता तर पुढचं सगळं रामायण, म्हणजे महाभारत, टळलं असतं. त्याच्या डावाला मर्यादाच नव्हती ना!

तिसरी गोष्ट एका इंग्रज डॉक्टरची. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड. एक खड्डा फार बिघडला की लोक खेळच सोडून देतात, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्यांनी फटके मोजण्याऐवजी दर खड्ड्याला गुण द्यायची पद्धत काढली. चांगला गेला तर दोन, त्याहून चांगला तर तीन, जरा बिघडला तर एक, फार बिघडला तर शून्य. शून्याच्या खाली काही नाही. १९३२ मध्ये ती वॉलसी क्लबच्या स्पर्धेत वापरली आणि मग सगळीकडे पसरली. मी म्हटलं, हा डॉक्टर आमच्या शाळेत यायला हवा होता. पहिला प्रश्न चुकला म्हणून पेपर कोरा सोडणारी किती मुलं मी पाहिली आहेत.

आणि चौथा प्रकार स्क्रॅम्बल. चौघांनी फटका मारायचा, त्यातला ज्याचा चेंडू चांगल्या जागी पडला असेल तिथून चौघांनी पुढचा मारायचा. कुणाच्याही चुकीची मोजदाद नाही.

जून अखेरीला त्या आठांतला एक जण यायचा बंद झाला. निरोप आला, पाठ दुखतेय. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठ. तिसऱ्या आठवड्यात मी जावयांना म्हटलं, "त्यांची नोकरी ठीक आहे ना?" ते चमकले. चौकशी केली तर दीड महिन्यापूर्वीच गेली होती. मला त्या पाठीत आमच्या मास्तरांचा गुडघा दिसला होता.

जावई भला माणूस. म्हणाले, "मी सांगतो त्याला, पैशांचं मी बघतो." मी म्हटलं, "मुळीच सांगू नका. मी एकदा सांगून बसलेय." आणि मास्तरांची सगळी हकीकत त्यांना सांगितली. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मैदानाची फी पैजेपेक्षा कितीतरी जास्त होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुपारनंतर खेळलं तर ती बरीच कमी पडते. तेव्हा जावयांनी सगळ्यांना पत्र पाठवलं : उन्हाळाभर आपण दुपारी खेळणार, सकाळी बायकोमुलांना वेळ द्या. प्रकार स्क्रॅम्बल, कारण ह्या वर्षी जरा वेगळं करू. पैज माणशी एक डॉलर, कारण हरणाऱ्या तुकडीने जिंकणाऱ्यांना सरबत पाजायचं आहे. एकानेही कारण विचारलं नाही. दोघांनी कुरकुर केली, ती कोणत्याही बदलाला करतातच.

पुढच्या शनिवारी आठवा माणूस आला. पाठ बरी होती.

ऑक्टोबरात मी नाशिकला परत आले ती बॅगेत चॉकलेटं आणि ती शंभर पानी वही घेऊन. पहिल्याच रविवारी ठराव मांडला. एक, पॉइंटाला रुपया बंद. बारा डावांचा आपला नासाउ : पहिले सहा, पुढचे सहा आणि एकूण बारा. प्रत्येक पैजेला माणशी पाच रुपये. म्हणजे कुणाचेही पंधरा रुपयांच्या वर जाणार नाहीत. दोन, हँडिकॅप. माझ्या वहीत जुने सगळे रविवार आहेत. शेवटचे वीस घ्यायचे, त्यातले चांगले दहा निवडून सरासरी काढायची. सगळ्यात कमी सरासरी असेल त्याच्याशी जो फरक पडेल त्याच्या ८० टक्के सूट.

उदाहरणच देते. वकीलसाहेबांची सरासरी होती २१०, सिस्टरांची ३१०. फरक शंभर. सिस्टरांना ८० पॉइंटांची सूट, पहिल्या सहा डावांना ४० आणि पुढच्या सहांना ४०. पूर्ण शंभर का नाही? कारण उत्तम खेळणाऱ्यालाही त्याच्या हुशारीचं थोडं फळ मिळायलाच हवं. नाहीतर तो कशाला येईल?

वकीलसाहेब अर्थातच उठले. "बाई, ही काय शाळा आहे, ग्रेस मार्क द्यायला?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, रमी हा जुगार नाही असं तुम्हीच सांगता ना?"

इथे त्यांना राहवेना. त्यांनी आम्हाला १८८७ चा जुगारबंदीचा कायदा सांगितला, मग सुप्रीम कोर्टाचा १९६७ चा सिकंदराबादच्या क्लबचा निकाल. रमीत पानं ध्यानात ठेवावी लागतात, काय ठेवायचं नि काय टाकायचं ह्याला अक्कल लागते, म्हणून हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं कोर्टाने म्हटलं. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, "मग कौशल्य मोजायला हरकत काय?"

वकीलवहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या हातची पानं सांडली. ठराव मंजूर.

आता मास्तर. ह्या वेळी मी त्यांना खेळायला या म्हटलंच नाही. फोन करून म्हटलं, "मास्तर, आमचा नवा नियमांचा तक्ता करायचाय. सहा नावं, आकडे, भिंतीवर लागेल असा. तुमच्यासारखं अक्षर नाशकात कुणाचं नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "सहा नावं? तुम्ही तर पाच जण आहात." मी म्हटलं, "सहाव्याची सरासरी माझ्या वहीत आहे. ती काही खोडलेली नाही."

पुढच्या रविवारी मास्तर गुंडाळलेला तक्ता काखेत घेऊन आले. काळ्या शाईत देवनागरी आकडे, कडेने वेलबुट्टी. तक्ता भिंतीला लागला, आणि मास्तर पाच-पाचची तीन नाणी टेबलावर मांडून बसले. दुसऱ्या सहा डावांची पैज त्यांनी जिंकली. तीस रुपये. लगेच खाली जाऊन भजी आणली. जाताना दारात चपला घालता घालता हळूच म्हणाले, "बाई, कंप्युटरवर तक्ता स्वस्तात झाला असता हो." मी म्हटलं, "हो का? मला सुचलंच नाही." दोघांनाही कळायचं ते कळलं.

पुढे आम्ही आणखी प्रयोग केले. गोल्फमध्ये स्किन्स म्हणून एक प्रकार आहे. खड्ड्यागणिक पैज, आणि बरोबरी झाली तर रक्कम पुढच्या खड्ड्यावर चढते. रमीत तो बसेना, कारण रमीत बरोबरी होतच नाही. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी मेंढीकोट सुरू केला. चारी दुर्र्या काढल्या की ४८ पानं, सहा जणांना आठ-आठ, तिघांविरुद्ध तीन. दोन-दोन दश्शा आल्या की ज्यांचे हात जास्त ते जिंकले, हा नियम आम्ही काढून टाकला आणि पैज पुढच्या डावावर चढवली. तिसऱ्यांदा चढली की काय आरडाओरडा होतो! भिडू ठरवण्याची रीत मात्र माझी शाळेतली. तक्त्यातला पहिला, चौथा आणि पाचवा एका बाजूला, दुसरा, तिसरा आणि सहावा दुसऱ्या बाजूला. हुशार आणि कच्चा एका बाकावर.

भाऊंनी एकदा सूट वाढावी म्हणून ओळीने तीन रविवार हातात एक्का-राजा धरून बसून पाहिलं. पॉइंट ४०० च्या वर गेले आणि पैसेही गेले. सूट एका पॉइंटानेही वाढली नाही, कारण ते तिन्ही रविवार चांगल्या दहांत बसतच नव्हते. बँकेतला माणूस, पण चांगल्या दहांचं गणित विसरला.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. त्या काळात भाऊ मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायला लागले आणि सहा-सात हजार घालवून बसले. मला म्हणाले, "बाई, तिथे समोर कोणी नसतंच. चहा नाही, थांबा म्हणणारं कोणी नाही, आणि पंधरा रुपयांची रेघही नाही." ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा भाऊंनी पेढे आणले होते. एप्रिल २०२१ मध्ये सिस्टर गेल्या. दिवाळीत आम्ही पुन्हा जमलो तेव्हा पाच जण होतो. तक्त्यावरचं त्यांचं नाव मास्तरांनी तसंच ठेवलं. मेंढीकोट बंद पडला.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

पुन्हा खेळायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की वकीलसाहेबांचा आकडा वाढतोय. २१० चे २३० झाले, मग २६०. खालच्या माणसाने जे पान उचललं त्याच्याच शेजारचं पान ते पुन्हा टाकायचे. सिक्वेन्स लागलेली असून त्यांना दिसायची नाही. वकीलवहिनी पानांआडून माझ्याकडे बघायच्या, मी नजर चुकवायची. कुणी काही बोलत नव्हतं. काय बोलणार? ज्यांच्यामुळे आमच्या डावाला धार होती, त्यांनाच?

२०२३ च्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री मी आकडे काढत बसले होते. वकीलसाहेबांची सरासरी आली ३०५. पाचांत सर्वांत जास्त. म्हणजे उद्यापासून सगळ्यात मोठी सूट त्यांना. मी बेरीज दोनदा तपासली. मग पेन्सिल घेऊन ३०५ चे २५० केले. कुणाला कळणार होतं? वही माझी. थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मास्तरांना 'नुसतं खेळायला या' म्हणणारी मीच ती, दहा वर्षांनी पुन्हा तिथेच येऊन पोचले होते. रबर घेतलं आणि पुन्हा ३०५ लिहिले.

रविवारी नवा आकडा सांगायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. वकीलसाहेबांनी हात पुढे केला. "वही बघू." चष्मा सारखा केला. बोट ठेवून एकेक रविवार वाचला, स्वतः बेरीज केली, पुन्हा केली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे, बाई. अपील नाही." आणि भाऊंना म्हणाले, "वाटा पानं. आज माझ्याकडे सूट आहे, तुमची खैर नाही."

त्या दिवशी त्यांनी एकूण बारांची पैज जिंकली. सूट धरून, अर्थात.

वकीलसाहेब आजही येतात. वहिनी बरोबर असतात, कधी कधी डाव कुणाचा हे सांगावं लागतं. हँडिकॅप कच्च्या माणसासाठी आहे असं मी इतकी वर्षं समजत होते. पण आज जो पक्का आहे तोही कधीतरी कच्चा होणारच आहे, आणि त्या दिवशी ते त्याला तोंडावर सांगायची वेळ कुणावर येऊ नये, ही त्यातली खरी सोय आहे. ते काम वही करते. माणसाने फक्त आकडा खोडू नये.

माझी सरासरी २०१३ मध्ये २२० होती. गेल्या रविवारी २७० झाली. मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात थोडा कापतो, पण तक्त्यावरचा माझा नवा आकडा त्यांनीच लिहिला. सातची शेपटी अजून तशीच झोकदार येते.

असो. फार लांबलं. दिवाळीत जे कोणी नाशिकला येणार असाल त्यांनी येताना पाच रुपयांची नाणी घेऊन या. हल्ली सगळे मोबाईलवरून पैसे देतात, आणि आमच्या टेबलावर मांडायला नाणी मिळत नाहीत. रविवारी चार वाजता. एक खुर्ची रिकामीच असते.